गुरुवारची गाडी

४ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी बेल वाजली. दारात एक माणूस. आधी दिसला तो भुसाच — भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर, सदऱ्याच्या खिशात. सुतार असणार. म्हणाला, "काका आहेत का? चार गुरुवार झाले, आले नाहीत. म्हटलं बघून यावं, तब्येत-बिब्येत..."

मी म्हटलं, बाबा गेले. नऊ जानेवारीला.

तो होता तिथेच पायरीवर खाली बसला. रडायला लागला! एक परका माणूस माझ्या बाबांसाठी माझ्याआधी रडला. मला अजून नीट रडू आलेलं नाही. पाणी आणून दिलं. तो प्यायला, तोंड पुसलं, तोंडावरचा भुसा आणखी पसरला.

मग विचारलं, कुठे आले नाहीत?

"गॅरेजवर."

कुठलं गॅरेज?

"माझ्या कारखान्याशेजारचं. काकांची गाडी असते ना तिथे."

बाबा दर गुरुवारी तीन ते सहा वाचनालयात जायचे. बावीस वर्षं. छत्री, चष्म्याची डबी, पाण्याची बाटली — सगळं मी हातात द्यायची. आणि गाडी? गाडी आमच्याकडे होती तेव्हा होती. ती गेली त्याला युगं लोटली.

म्हटलं, तुमची काहीतरी गफलत होतेय. त्याने वाद घातला नाही. खिशातून एक किल्ली काढली, कट्ट्यावर ठेवली. "एक त्यांच्याकडे असायची, एक माझ्याकडे. ही तुम्ही ठेवा." पत्ता सांगितला आणि गेला.

५ फेब्रुवारी

किल्ली तिथेच आहे. गेले नाही.

मोजणी कचेरीत माझी नकाशाखोली — मी आणि जुन्या नकाशांच्या सहाशे गुंडाळ्या. दिवसभर कोणी फिरकलं नाही. एरवी बरं वाटतं. आज वाटलं कोणीतरी यावं, खोली चुकून का होईना.

७ फेब्रुवारी, रविवार

गेले.

जुन्या गोदामांच्या मागे पत्र्याच्या शेडची रांग. शेवटून दुसरं. शटर अर्ध्यावर अडकलं. सुतार आणि मी वाकून आत शिरलो. ताडपत्रीखाली काहीतरी मोठं. सुतार म्हणाला, "मी ओढू की तुम्ही?"

मी ओढली.

आमची गाडी! बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग, काळे मडगार्ड, दोन मोठे गोल दिवे, बाजूला पाय ठेवायची लांब फळी. चारही टायर बसलेले. एका दिव्यात कोळ्याने संसार थाटलेला. पण तीच. आजोबांनी घेतली, बाबांनी जपली, अठराव्या वर्षी मी हिच्यावरच शिकले — बाबा शेजारी बसून दर वळणाला "सावकाश, सावकाश" म्हणायचे. मी आधीच सावकाश असायची.

आईच्या आजारपणासाठी मी दूरच्या शहरातली आरेखकाची नोकरी सोडून आले तेव्हा गाडी दारातच होती. आई गेली. त्यानंतर तीन महिन्यांनी एकदा बाजारातून परत आले तर दारापुढची जागा रिकामी. जमिनीवर तेलाचा डाग तेवढा. बाबा म्हणाले, "दिली एकाला. आता कोण चालवणार!" मी पुढे विचारलं नाही. तेव्हा विचारायचं बळच नव्हतं.

दिली एकाला! एकाला म्हणजे स्वतःलाच.

ड्रायव्हरच्या सीटवर निळ्या चौकटींची उशी. आमच्या घरातली! ही हरवली म्हणून मी धोब्याशी कडाकडा भांडले होते, धोबी बदलला होता. मागे वर्तमानपत्रांचा गठ्ठा. एक बिस्किटांचा डबा, रिकामा, घासून पालथा घातलेला. बाबांनी घरी आयुष्यात एक कप विसळला नाही.

सुतार सांगत होता — पहिली काही वर्षं चालू करायचे, गल्लीच्या तोंडापर्यंत नेऊन आणायचे. मग डोळे अधू झाले तसं ते थांबलं. मग नुसतेच आत बसायचे. सहा वाजले की ताडपत्री घालून घरी.

विचारलं, बरोबर कोणी यायचं का? तीन दिवस हाच प्रश्न घशाशी होता. कोणी बाई असती तर मी चिडले असते, पण मला कळलं तरी असतं.

"छे हो! एकटेच."

हे जास्त लागलं.

८ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत वाचनालयात गेले. तिथल्या बाईंनी रजिस्टर चाळलं. बाबांची शेवटची नोंद एकोणीस वर्षांपूर्वीची. एक पुस्तक परत यायचंय, म्हणाल्या!

दर गुरुवारी जेवताना मी विचारायची, "आज काय वाचलंत?" आणि ते सांगायचे. लांबलचक, रंगवून. जहाजांच्या गोष्टी, एका डोंगरातल्या शाळामास्तराची गोष्ट, ती तर तीन गुरुवार चालली होती. कुठून आणायचे?

आठवड्यातले तीन तास. माझ्यापासून सुटका हवी होती तर सांगायचं. मी काय बांधून ठेवलं होतं?

२१ फेब्रुवारी, रविवार

धाकट्या भावाचा फोन. समुद्रापलीकडून दर रविवारी न चुकता वीस मिनिटं. गाडीचं सांगितलं. तो हसतच सुटला. "बाबा म्हणजे ना, एक गूढच होते!"

त्याला गूढ वाटणारच. तो तिकडे. मी बावीस वर्षं त्यांच्या डोळ्यांत थेंब घातले, गोळ्या मोजल्या, नखं कापली. मला गूढ वाटायला नको होते.

मी म्हटलं, भंगारवाल्याला बोलावते. तर ओरडला, "अगं ताई, वेडी आहेस का? असल्या गाड्यांसाठी लोक जीव टाकतात. नीट करून घे, मग वीक. तुला एकटीला काय करायचीय?"

तुला एकटीला. तो सहज म्हणाला. सगळे सहजच म्हणतात.

ठरलं. दुरुस्त करायची, विकायची, विषय संपवायचा.

२७ फेब्रुवारी, शनिवार

सुताराने एक मिस्त्री शोधून आणला. सत्तरीचा. तोंड असं की कोणीतरी नुकताच त्याच्या पायावर पाय दिलाय. स्वतःचं गॅरेज दोन वर्षांपूर्वी बंद केलं. बरोबर बायको, हात धरून आणलेली. "हिला घरी एकटं ठेवता येत नाही," एवढंच बोलला.

काकूंना सुताराकडची खुर्ची दिली. त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. सरळ गाडीचं मागचं दार उघडून आत बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "चला."

मिस्त्री तासभर बोनेटमध्ये. मग पाठीवर झोपून गाडीखाली. मग दारं, कुलपं, काचा, एकेक स्क्रू. मी कंटाळून विचारलं, "फार खराब झालीय का?"

"खराब?" जणू मी शिवी दिली! "ताई, हिच्यात काही बदललेलंच नाही. वायरीवरचं कापडी वेष्टण मूळचं. काचा मूळच्या. नटसुद्धा कंपनीतून आले तेच. लोक नवं इंजिन घालतात, नवा रंग मारतात, नव्या गाद्या शिवतात आणि वर म्हणतात जुनी गाडी. ही खरी आहे." मग हात पुसले. "पण मी आता कामं घेत नाही."

मागून काकू, "आलं का?"

"नाही गं. लांब आहे अजून."

हे तो इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मला वाटलं दुसराच कोणी बोलला.

थोडा वेळ आम्ही दोघंही काकूंकडे बघत उभे. मग तो म्हणाला, "हिला इथे बसू देणार असाल तर करतो."

४ मार्च, गुरुवार

इंजिन जाम आहे. प्लग काढून भोकांतून तेल आणि डिझेल ओतलं. आता थांबायचं. "किती दिवस?" "तिला वाटेल तितके. जोर केला तर मोडेल."

कचेरीत सांगून गुरुवारी अर्धा दिवस मागून घेतला. साहेब म्हणाले, घ्या की. नकाशाखोलीत मी नसले तरी कोणाला कळत नाही!

१३ मार्च, शनिवार

इंजिन फिरवायचं पुढचं हँडल फिरत नाही. काकूंनी मला तीनदा विचारलं, "तुम्ही कुठे उतरणार?" दोनदा हसून टाळलं. तिसऱ्यांदा उत्तर सुचेना, म्हणून खरंच विचार करत बसले.

२० मार्च

हललं! बोटभर. मिस्त्रीने टोपी काढून इंजिनाला नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं, मग बघतोय कोण म्हणून मागे पाहिलं. मी दुसरीकडे बघत होते.

८ एप्रिल, गुरुवार

आज माझं आणि मिस्त्रीचं वाजलं.

मी म्हटलं, विकायची तर चकाचक दिसायला हवी, रंग मारू. तो म्हणाला, नाही. मी म्हटलं, गाडी माझी आहे. तो म्हणाला, हत्यारं माझी आहेत. मग मला ड्रायव्हरच्या दाराशी घेऊन गेला. काचेच्या खालच्या पट्टीवर वीतभर जागी रंग पार उडालेला, आतलं लोखंड घासून गुळगुळीत.

"कोपर," म्हणाला. "इथे कोपर टेकवून कोणीतरी वर्षानुवर्षं बसलंय. रंग मारला की हे गेलं. असं करून देणारा कारखाना नाही कुठे."

मी माझं कोपर ठेवून बघितलं. बाबांच्या कोपराला ती जागा जरा खाली पडत असणार, ते उंच होते.

साबणपाणी आणि फडकं. बाकी काही लावायचं नाही, असं ठरलं. दार मी धुतलं. त्या जागेवरून फडकं हलक्या हाताने फिरवलं. राग गेला नाहीच, पण.

२४ एप्रिल

मागच्या गादीच्या कापसात उंदरांचं घर निघालं. सुताराने दारातली कुजलेली लाकडी चौकट उतरवली, तशीच्या तशी नवी कोरली आणि जुनी फेकून न देता भिंतीला टेकवून ठेवली. पेट्रोलच्या टाकीत खडे आणि साखळी घालून आम्ही तिघांनी ती अर्धा तास हलवली, आतला गंज निघावा म्हणून. टाकीचा एवढा खडखडाट, आणि काकू आत बसून शांतपणे म्हणाल्या, "रस्ता फार वाईट आहे."

मिस्त्री हसला! मी पहिल्यांदा बघितलं. दात तीनच आहेत.

हे घरी येऊन कोणाला तरी सांगायचं होतं. कुलूप उघडताना वाक्य तयार होतं. आत आले, दिवा लावला, आणि मग लक्षात आलं.

६ मे, गुरुवार

आज पंचावन्न पूर्ण झाली. धाकट्याचा निरोप सकाळी. कचेरीत कोणाला ठाऊक नाही, गॅरेजवर मी सांगितलं नाही. पंचावन्नाव्या वर्षी आपण होऊन सांगायचं तरी कसं!

सीटच्या चामड्याला तेल चोळत बसले होते. काकूंनी पर्समधून एक बिस्कीट काढलं, अर्धं मोडून मला दिलं. कारण काही नाही. खाल्लं.

१२ जून, शनिवार

चालू झाली.

हँडल मारलं — नुसता खोकला. दुसऱ्यांदा — खोकला, धूर, एक ठो! सुतार रंधा टाकून धावत आला. तिसऱ्यांदा मिस्त्रीने माझ्या हातात हँडल दिलं. "अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा. उलटा झटका आला तर हात मोडेल." मारलं.

तो आवाज! चार सिलिंडर, जरा लंगडत, मग एका लयीत. अंगात कुठेतरी खोल जाऊन बसला. आई पुढे बसलेली, मी आणि धाकटा मागे भांडतोय, बाबा आरशातून डोळे वटारतायत. सगळे एकदम आले आणि एकदम गेले.

मी ढसाढसा रडले. पाच महिन्यांनी! सुतार पण. त्याचं काय, तो रडतोच.

मिस्त्रीने कार्बोरेटरचा स्क्रू पाव वळसा फिरवला, कान लावला, "हं" म्हणाला. काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

२७ जून, रविवार

मी चालवली. एकटी.

गियर कुठे आहेत ते हाताला आठवत होतं, मला नाही. पहिल्या चौकात तीनदा बंद पडली. मागचे हॉर्न वाजवत नव्हते, उतरून फोटो काढत होते! वळायच्या वेळी बटण दाबलं की दाराच्या खांबातून तो नारिंगी दिव्याचा हात टुणकन बाहेर येतो, ते बघून एक सायकलवाला पडता पडता राहिला.

गावाबाहेर नदीच्या पुलापर्यंत गेले. पुलावर थांबवली. छान होतं सगळं — ऊन, पाणी, इंजिन गार होताना येणारा टिक टिक आवाज. मी मान वळवून म्हटलं, "बघा, त्या चौकानंतर एकदाही —" शेजारची सीट रिकामी.

दहा मिनिटं बसले. मग परत आणली. लोक हात हलवत होते. मी पण हलवला. गाडीला हात हलवतात, बाईला नाही. तरी.

१७ जुलै, शनिवार

धाकट्याने ओळख काढून दिलेला संग्राहक आला. सभ्य माणूस, पांढरे हातमोजे. बारा गाड्या आहेत म्हणे त्याच्याकडे. ही तेरावी. दोन तास तपासली, इंजिनावरचा आकडा कागदावरच्या आकड्याशी ताडून बघितला, हत्यारांची मूळ थैली उघडून प्रत्येक पाना मोजला. एकही कमी नाही! त्याचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते.

म्हणाला, "इतकी अस्सल मी पाहिलेली नाही. तुम्ही काळजी करू नका. वातानुकूलित हॉल आहे. कोणी हात लावणार नाही. आता हिला चालायचीही गरज नाही."

काकू आत होत्या. त्यांच्याकडे बघून अगदी नम्रपणे म्हणाला, "आजींना जरा उतरवता का? चामड्यावर भार नको."

मिस्त्रीने काकूंना उतरवलं. काकू शेडच्या मधोमध उभ्या, पर्स छातीशी धरून. इकडे बघतायत, तिकडे बघतायत. "इथे कुठे उतरलो आपण?" म्हणाल्या. "इथे कोणी नाही आपलं."

मी संग्राहकाला म्हटलं, कळवते.

१८ जुलै, रविवार

धाकटा फोनवर, "अगं त्याला हो म्हण की! एवढा विचार कसला?"

म्हटलं, करतेय.

"तू ना, बाबांसारखीच आहेस."

रागाने फोन ठेवला. वीस मिनिटांच्या आधी, पहिल्यांदाच.

१४ ऑगस्ट, शनिवार

मिस्त्रीला सांगितलं, गाडी तुम्ही घ्या.

त्याला वाटलं दुरुस्तीला. मग समजलं तेव्हा भडकला. "भीक देताय का?" मी म्हटलं, भीक कसली, कटकट देतेय. तेल पिते, ठिबकते, दर महिन्याला रुसते. माझ्याकडे राहिली तर पुन्हा ताडपत्रीखाली जाईल. हॉलमध्ये गेली तरी तेच, फक्त ताडपत्री भारीतली. तुम्ही चालवाल.

तो म्हणाला, "मी सत्तर वर्षांचा आहे."

"ती तुमच्याहून मोठी आहे."

सुतार मध्ये पडला. "घे रे बाबा. वहिनी खाली उतरत नाहीत, तू काय करणार आहेस? रोज इथे येऊन बसणार?"

मिस्त्री बराच वेळ दाराच्या त्या झिजलेल्या जागेवर बोट फिरवत उभा होता. मग म्हणाला, "रंग मारणार नाही."

"माहीत आहे."

"आणि काही बदलायची वेळ आली तर जुना भाग जपून ठेवेन."

"माहीत आहे हो!"

२८ ऑगस्ट, शनिवार

कागदांवर नाव चढलं. आज नेली.

काकू मागेच बसल्या. नवऱ्याला ड्रायव्हर समजतात, त्याला त्याचं काही नाही. "बाईसाहेब, कुठे नेऊ?" असं विचारतो. आज त्या म्हणाल्या, "जरा मोकळ्यावर." तो म्हणाला, "बरं."

गल्लीच्या तोंडाशी नारिंगी हात बाहेर आला आणि गाडी वळली. सुतार रडला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं, भुसा उडाला.

शेड झाडून काढली. मधोमध तेलाचा डाग. घासला नाही.

घरी येऊन सगळं घर पुसत बसले. करायला काही उरलेलं नाही.

२ सप्टेंबर, गुरुवार

शेडची किल्ली परत द्यायला सुताराकडे गेले. तो फळीवर पेन्सिलीने रेघ मारत होता. मान न उचलता म्हणाला, "म्हणजे शेवटी तुम्ही काही गेला नाहीत."

"कुठे?"

"तिकडे. तुमच्या नोकरीच्या गावाला." आता मान उचलली. "मला वाटलं, गाडी नीट करून घेताय म्हणजे... काका तसंच म्हणायचे ना." मग माझं तोंड बघून पेन्सिल कानावर ठेवली. "तुम्हाला ठाऊक नाही?"

फळीवर बसवलं मला. मग सांगितलं. तो कसा म्हणाला तसंच लिहिते.

"गाडी आणली तेव्हा काका म्हणाले, दोन महिन्यांसाठी जागा हवी. इंजिनाचं काम करून घेतो, गाडी मुलीला देतो. तिची आई गेली, आता तिचं इथे काय अडलंय? तिचं काम तिकडे, तिची माणसं तिकडे. घरी सांगितलंय गाडी दिली म्हणून. एके दिवशी दारात उभी करतो, किल्ली हातात ठेवतो आणि म्हणतो, जा."

"मग?"

"मग थंडी पडली. म्हणाले, थंडी सरू दे. मग छातीत कफ झाला, तुम्हीच केलंत ना त्यांचं सगळं? त्यानंतर म्हणाले, पुढच्या वर्षी." त्याने फळीवरचा भुसा फुंकला. "दर गुरुवारी आत बसून तालीम करायचे. 'बाळ, हे बघ' — अशी सुरुवात. मी लगेच रंधा मारायला घ्यायचो. त्यांना वाटायला नको, मी ऐकतोय."

"बावीस वर्षं?"

"पुढे पुढे बोलणं थांबलं. येणं थांबलं नाही."

चालत घरी आले. बस समोरून गेली तरी हात केला नाही.

गाडी दिली त्याचं दुःख नाही. ते बरंच झालं. पण एक वाक्य! एक वाक्य जमलं नाही त्यांना! तेहतिसाव्या वर्षी ती किल्ली माझ्या हातात पडली असती तर मी आज तिकडे मुख्य आरेखक असते. घर असतं. रविवारी फोनची वाट न बघता बोलायला माणसं असती. मला वाटत होतं मी त्यांना सोडून जाऊ शकत नाही. आणि ते शेडमध्ये बसून मला कसं सोडायचं याची तालीम करत होते, आणि सोडत नव्हते.

भांडी आपटली. एकटीच्या घरात भांडी आपटून काही होत नाही, आपणच पुन्हा उचलायची असतात.

४ सप्टेंबर

बाबांचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. पालथा.

५ सप्टेंबर, रविवार

धाकट्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बिचारी ताई. तुझं आयुष्य खाल्लं गं त्यांनी."

मी "हो" म्हटलं. तोंडातून बाहेर पडायला त्या एका अक्षराला फार वेळ लागला.

९ सप्टेंबर, गुरुवार

इथे तरी खरं लिहावं. आई गेली त्या वर्षी तिकडच्या ऑफिसातून तीन पत्रं आली होती. तुमची जागा राखून ठेवली आहे, कधी येता? मी तिन्हींना एकच उत्तर पाठवलं — वडील एकटे आहेत, सोडता येत नाही. बाबांना एकही पत्र दाखवलं नाही. त्यांना विचारलंही नाही. तिकडच्या सात वर्षांत मला जेवलीस का म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. मला जायचंच नव्हतं. ते कधीतरी "जा" म्हणतील या धास्तीने मी त्यांना बावीस वर्षं स्वतःच्या हाताने चहासुद्धा करू दिला नाही.